परदेशी गेलेल्यांची यादी

मूल्यांकन समिती यायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. कागदावर एकच तक्ता होता. मागची पाच वर्षं आडवी मांडलेली आणि वर ठळक अक्षरात : उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी. पाचही चौकटी कोऱ्या होत्या.

"हे तुम्ही भरा मॅडम," सर म्हणाले. "तुमचाच विषय आहे. वर्गात शिकवलंय ना तुम्ही हे सगळं?"

मी तेव्हा वडवणीहून रोज बसनं जाऊन एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं ऑर्डर, आणि परीक्षा संपल्या की आपण त्या कॉलेजचे कुणीच नाही. आठ वर्षं असंच चाललं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा भूगोलाची एक कायम जागा भरायला परवानगी आली होती, आणि सरांचा शब्द त्यात चालणार होता. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यामुळं मला काही सांगताना त्यांना आवाज चढवावा लागायचा नाही.

मी ते शिकवलं होतं हे खरं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाला स्थलांतराचा धडा चालू होता, आणि पुस्तकात तेच ते ऊसतोडीचं आणि शहराकडं जाणाऱ्यांचं होतं. ते आमच्या पोरांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. म्हणून मी म्हटलं, जगातली कॉलेजची पोरं शिकायला कुठून कुठं जातात ते बघू. फळ्यावर दोन रकाने केले. पहिल्यात कुठल्या देशातून किती विद्यार्थी बाहेर शिकायला जातात तो आकडा. दुसऱ्यात, त्या देशात कॉलेजात शिकणाऱ्या शंभर जणांमागं किती जातात, तो. मोबाईलवर शोधून पोरं एकेक देश सांगत गेली.

पहिल्या रकान्यात चीन आणि आपण अगदी वर. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. दुसरा रकाना भरत गेला तशा टाळ्या थांबल्या. आपला आकडा पार खाली उतरला. नेपाळ आपल्या कितीतरी वर. लक्झेंबर्ग नावाचा एक देश, आपल्या बीड जिल्ह्याच्या चौथाईएवढा, तो सगळ्यात वरच्या देशांत. आणि अमेरिका आपल्याही खाली.

"अमेरिकेची पोरं कावून जात न्हाईत मॅडम?" एकानं विचारलं.

"घरीच मिळतंय त्यांना," दुसऱ्यानं परस्पर उत्तर देऊन टाकलं.

तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. नांदूरघाटची होती, कॉलेजच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. वडील गवंडी, आई अंगणवाडीत मदतनीस. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली की सगळ्यांना तिचं ऐकावं लागायचं.

"मग जास्त पोरं बाहेर जाणं चांगलं का वाईट?" ती म्हणाली. "नेपाळची जातात कारण तिथं कॉलेजं कमी हायत. त्या चिमुकल्या देशाची जातात कारण पैसा हाय. दोघांचा आकडा मोठाच दिसणार. नुसत्या आकड्यावरून काय कळतंय?"

मी म्हटलं, प्रश्न वहीत लिहून ठेव. ती खाली बसता बसता म्हणाली, "मॅडम, आपल्या कॉलेजचंबी काढू ना. शंभरात किती?"

काढायला काही नव्हतंच. तिनंच मग कार्डशीटवर तक्ता काढला. देशांचे रंगीत उभे पट्टे, आणि अगदी उजव्या टोकाला "आमचं कॉलेज" असं लिहून वर पट्टाच नाही, फक्त पेन्सिलीनं शून्य. काही पोरं म्हणाली, ते खोडून टाक, कशाला आपली फजिती. तिनं खोडलं नाही. मीही सांगितलं नाही. तो तक्ता आम्ही विभागाच्या भिंतीवर लावला.

त्या वर्षी ती विभागात पहिली आली. पुढं तिनं संभाजीनगरला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, अर्ज केले, आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र तिला आलं. कॉलेजनं सत्कार केला. शाल, नारळ, स्थानिक पेपरात फोटो. तिच्या वडिलांनी घडीचा पांढरा सदरा घातला होता आणि फोटोत ते कॅमेऱ्याकडं न बघता मुलीकडं बघत होते. ती बौद्ध घरातली. अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी शिकायला शासन जी शिष्यवृत्ती देतं तिच्यावर सगळं अवलंबून होतं. त्या वर्षी एका प्रमाणपत्राला उशीर झाला आणि तिचा अर्ज बाद झाला. विद्यापीठानं जागा एक वर्ष राखून ठेवली. सत्कार सगळ्या गावाला कळला होता. अर्ज बाद झाल्याचं कुणी कुणाला सांगत फिरलं नाही.

मला मात्र कळलं होतं. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळं आहे. दिवाळीनंतर बसमध्ये नांदूरघाटची एक विद्यार्थिनी शेजारी बसली होती. मी सहज विचारलं तर ती म्हणाली, "ती? ती तर घरीच हाय मॅडम. परत अर्ज भरणार हाय म्हणं."

म्हणजे सरांनी तो कागद पुढं सरकवला तेव्हा मला माहीत होतं.

"शून्य आहे सर," मी म्हटलं.

"शून्य कसं असेल? आपण सत्कार केलेली ती मुलगी? तो पोरगा दुबईला आहे. देशमुख गल्लीतली ती एक लग्नाआधी मस्कतला भावाकडं होती, तिथं काहीतरी कोर्स केलाच असेल तिनं. डॉक्टरकीला तो एक उझबेकिस्तानला गेलाय."

"तो बारावीतून गेला सर. आपल्या पदवीचा विद्यार्थी नव्हता. आणि ती मुलगी—"

"पत्र आलं होतं की नाही तिला?"

"आलं होतं."

"मग झालं. पत्र आहे, फोटो आहे, पेपरचं कात्रण आहे. पुरावा लागतो मॅडम, तो आहे आपल्याकडं." ते खुर्चीत मागं टेकले. वाईट माणूस नव्हते ते. पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गांसाठी संस्थेच्या दारात चपला झिजवलेला माणूस. मागच्या खेपेला कमी दर्जा मिळाला म्हणून दोन वर्गांची मान्यता जाता जाता राहिली होती, त्याचा धसका त्यांनी घेतला होता. "भूगोलाच्या जागेचं पण आता बघायचं आहे," ते म्हणाले, जणू वेगळाच विषय काढतायत असं.

मी विभागात आले, कॉम्प्युटर लावला आणि सरांनी मागाहून आठवून सांगितलेली दोन धरून सहा नावं टाईप केली. तिचं नाव तिसरं होतं. नावापुढं देश, विद्यापीठ, अभ्यासक्रम. तिच्या पत्रावरचं सगळं मला पाठ होतं, कारण तिचा अर्ज मीच तपासून दिला होता. काम पटकन उरकलं म्हणून बरंच वाटलं. समितीच्या लोकांनी वेबसाईटवर पुरावे मागितले होते, म्हणून ऑपरेटरनं त्याच दिवशी यादी आणि सत्काराचा फोटो चढवून टाकला.

समिती आली त्या दिवशी सकाळी आठलाच सगळे हजर होतो. फाटकापासून रांगोळी, दारात नव्या कुंड्या, सगळ्या मॅडमना एकसारख्या साड्या. बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही असा हुकूम होता. दहा वाजता शिपाईमामा माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, फाटकावर एक पोरगी तुमाला बोलावतीय. जात न्हाई म्हणती."

ती होती. हातात प्लास्टिकची फाईल. उन्हात उभी राहून चेहरा तांबूस झालेला. नमस्कार केला नाही. मोबाईल पुढं धरला.

"मॅडम, ह्यात मी इंग्लंडला हाय."

मी स्क्रीनकडं बघत राहिले. तिसरं नाव.

"मला काल जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसातून फोन आला," ती म्हणाली. तिचा आवाज फार सपाट होता, घरून पाठ करून आल्यासारखा. "शिष्यवृत्तीच्या अर्जात मी लिहून दिलंय, मी परदेशात शिकलेली न्हाई, शिकत न्हाई. शपथेवर. आणि ते तपासणी करताना कॉलेजच्या साईटवर गेले. साहेब म्हणाले, एकतर तुझी शपथ खोटी न्हाईतर कॉलेज खोटं. आज पाचपर्यंत कॉलेजचं पत्र आण, मूळ सहीचं. उद्या याद्या पुण्याला जाणार हायत. पत्र न्हाई तर अर्ज बाद, आणि खोट्या शपथेचं बघू म्हणाले."

"आज पाचपर्यंत?"

"आज."

मी घड्याळ बघितलं. बीडला बसनं सव्वा तास.

"विद्यापीठ आता थांबणार न्हाई मॅडम," ती म्हणाली. "एकदाच थांबतात ते."

मी तिला मामांच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि आत गेले. यादी कुणी केली हे तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

सर समितीबरोबर सभागृहात होते. दारावर उपप्राचार्य उभे. मी म्हटलं, दोन मिनिटं काम आहे. ते म्हणाले, वेड लागलंय का, सादरीकरण चालू आहे. काचेतून आत प्रोजेक्टरचा प्रकाश दिसत होता, समितीतल्या तिघांच्या पाठी दिसत होत्या. सरांनी एकदा दाराकडं बघितलं, मी हात वर केला, त्यांनी नजर फिरवली. साडेअकरा झाले. मग प्रयोगशाळा, मग ग्रंथालय. मी त्या घोळक्याच्या मागं मागं चालत राहिले. प्रत्येक वेळी सर दोन माणसांच्या मध्ये होते. मामांनी येऊन सांगितलं, पोरगी विचारतीय. मी म्हटलं, थांब म्हणावं. बारा चाळीसला परत आले, मी परत तेच सांगितलं.

एक वाजता जेवण. सर हात धुवायला बेसिनकडं आले तिथं मी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

ते नळ बंद करायचं विसरले. "आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता, समिती जेवत असताना, मी आमची यादी खोटी आहे असं लेटरहेडवर लिहून देऊ? परवा देतो. समिती उद्या दुपारी गेली की परवा सकाळी पहिलं काम."

"परवा उपयोग नाही सर. आज पाच."

"ऑफिसातल्या लोकांचं असंच असतं. एक दिवस इकडं-तिकडं होतो."

"मागच्या वर्षी झाला नाही. मागच्या वर्षी चार दिवसांच्या उशिरानं तिचं वर्ष गेलं."

त्यांनी रुमाल काढून हात पुसले. बराच वेळ पुसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "यादी तुम्ही केली होती."

"हो."

"मग तसं लिहून द्या. तुम्ही माहितीची खातरजमा न करता यादी केली, प्राचार्यांना कल्पना नव्हती. सही करून माझ्याकडं द्या. मग मी तिचं पत्र देतो. तुमच्या नजरचुकीनं नाव आलं, असं."

मागून कुणीतरी हसत आलं, सरांनी लगेच हसून त्याला वाट करून दिली. मी तिथंच उभी. मला राग यायला हवा होता, पण त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की ह्यातलं अर्धं खरं आहे. यादी मीच केली होती. आणि आठ वर्षं आणि ती एक जागा. मी उगाच वर बघितलं, घड्याळात एक वीस झाले होते.

"देते," मी म्हटलं.

ऑफिसात मोठे बाबू एकटेच डबा खात होते. मी त्यांच्या टेबलावरच कागद ओढून माझा खुलासा लिहिला. चार ओळी. सही केली, तारीख घातली. बाबूंनी वाचला. डबा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही हे काय लिहून देताय, कळतंय का?"

"तुम्ही तिचं पत्र टाईप करा."

त्यांनी केलं. लेटरहेडच्या कपाटाची किल्ली उपप्राचार्यांकडं होती. ती आणायला मामा गेले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. मग प्रिंटरमधला कागद अडकला. मग गोल शिक्का सापडेना, तो समितीच्या फायलींवर मारायला सभागृहात नेला होता. मी सभागृहात जाऊन फायलींच्या ढिगातून तो शोधून आणला. सरांनी उभ्या उभ्या, भिंतीवर कागद टेकवून सही केली, आणि माझा खुलासा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दोन अडतीस.

मी पळतच फाटकावर गेले. पावणेतीनची बीड गाडी स्टँडवर लागलेली असणार. पत्र तिच्या फाईलमध्ये ठेवलं. तिनं ते तिथंच उघडून वाचलं, अख्खं, शेवटच्या ओळीपर्यंत. "आमच्या प्राध्यापिकेच्या नजरचुकीने" हे शब्द वाचताना तिनं माझ्याकडं बघितलं असेल किंवा नसेल. मी दुसरीकडं बघत होते.

"जा," मी म्हटलं. "पोचलीस की फोन कर. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस तिथून."

मला तिच्याबरोबर जायचं होतं. पण साडेतीनला समिती भूगोल विभागात येणार होती, आणि विभाग म्हणजे मी आणि निवृत्तीला टेकलेले एक सर, ज्यांनी सकाळीच रक्तदाब वाढल्याचं सांगून ठेवलं होतं.

समिती तीन पन्नासला आली. अध्यक्ष नव्हते, दोघेच होते. त्यातले एक वयस्कर प्राध्यापक भूगोलाचेच. बाहेरच्या राज्यातले, पण उमेदीची वर्षं पुण्यात काढल्यामुळं बऱ्यापैकी मराठी बोलायचे. मी नकाशे दाखवले, दगडांचे नमुने दाखवले, क्षेत्रभेटींच्या वह्या दाखवल्या. मोबाईल कमरेला पदराखाली खोचला होता. सर दारात हात मागं बांधून उभे.

चार पाचला फोन थरथरला. मी बोलत राहिले. पुन्हा थरथरला. ते प्राध्यापक वह्या चाळत होते तेवढ्यात मी मान वळवून मेसेज बघितला : बीडच्या अलीकडं ट्रक आडवा झालाय मॅडम. गाडी उभी हाय. अजून सहा किलोमीटर.

मी लिहिलं, उतर, मागून येणारी मोटरसायकल थांबव, बाई बसलेली बघून. तेवढंच जमलं.

मी मान वर केली तर ते प्राध्यापक भिंतीसमोर उभे होते. त्या तक्त्यासमोर. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक पट्टा बघत होते.

"हे छान आहे," ते म्हणाले. "कुणी काढलं?"

"विद्यार्थ्यांनी, सर."

"दोन्ही दाखवलंय. नुसती संख्या नाही, प्रमाण पण. पुष्कळ मोठ्या कॉलेजातसुद्धा नुसती संख्या दाखवतात." त्यांचं बोट पट्ट्यांवरून सरकत उजव्या टोकाला गेलं आणि तिथं थांबलं. "आमचं कॉलेज. शून्य." ते थोडं हसले. मग हातातली फाईल उघडली, पानं उलटली, एका पानावर थांबले. हसू गेलं. "पण तुमच्या यादीत सहा आहेत."

दारात सरांचा श्वास मला ऐकू येत होता, किंवा तो माझा असेल.

"तक्ता जुना आहे सर," आमचे प्राचार्य चटकन म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचा."

"यादी पाच वर्षांची आहे," ते प्राध्यापक म्हणाले. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, यातलं खरं कुठलं?"

कमरेला फोन परत थरथरला. तिनं मोटरसायकल गाठली असेल, किंवा नसेल, किंवा ती रस्त्यानं चालत असेल. मला एकदम त्या फाईलमधलं पत्र आठवलं, त्यात आम्ही लिहून दिलं होतं की यादीतलं एक नाव चुकीचं आहे. एक. आणि बाकीची पाच नावं माझ्या समोरच्या फाईलमध्ये होती, आणि ती पण मीच टाईप केलेली.

"भिंतीवरचं खरं आहे, सर," मी म्हटलं. "पदवी घेऊन परदेशी शिकायला गेलेला आमचा एकही विद्यार्थी नाही. एक मुलगी जायचा प्रयत्न करतेय."

"मग यादी कुणी केली?"

"मी केली."

"का?"

सरांकडं बघितलं असतं तर ते उत्तर झालं असतं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते चांगुलपण म्हणून नव्हे, मानच वळेना. त्या प्राध्यापकांनी मात्र बघितलं. दाराकडं, मग माझ्याकडं, मग परत फाईलकडं. यादीवर पेनानं एक बारीक रेघ मारली, काहीतरी लिहिलं, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "चला, पुढचा विभाग."

सर जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

सगळे गेल्यावर मी फोन काढला. दोन मिसकॉल. लावला तर ती उचलेना. साडेचार. पाचला पाच कमी. मी विभागाला कुलूप लावून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. साड्यांचे एकसारखे रंग सगळीकडं फिरत होते, कुणीतरी चहा आणून दिला, तो हातात तसाच गार झाला. पाच वाजले. पाच दहा झाले. मी तिच्या आईला फोन लावावा का असा विचार केला आणि लावला नाही. काय सांगणार होते मी त्यांना?

पाच अठराला फोटो आला. पत्राच्या प्रतीवर निळा शिक्का आणि तिथल्या बाबूची सही. पाठोपाठ फोन.

"घेतलं," ती म्हणाली. धाप लागलेली होती. "एका शिक्षिकाबाईनं गाडीवर आणलं मला. रजिस्टर मिटलं होतं त्यांनी. मी दारातच उभी राहिले, बाहेर जा म्हणाले तरी गेले न्हाई. मग त्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, आण."

"जेवलीस का?"

"न्हाई."

"खा काहीतरी स्टँडवर," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पाय दुखत होते हे तेव्हा कळलं.

यादी त्याच संध्याकाळी साईटवरून निघाली. कॉलेजला मागच्यासारखाच दर्जा मिळाला, ना वर ना खाली. कायम जागेच्या मुलाखतीला मी गेले होते. माझा खुलासा निवड समितीसमोरच्या फायलीत सगळ्यात वर होता. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि पुढच्या वर्षी तासिकांसाठीही मला बोलावणं आलं नाही. आता मी गेवराईला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सरांवर मी बरेच दिवस चिडून होते. आता तेवढी नाही. त्यांनी मागितलं होतं, दिलं मी होतं.

तिचं नाव पहिल्या निवड यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीत चौथं होतं. ते दोन महिने तिनं मला एकदाही फोन केला नाही आणि मीही केला नाही. दुसऱ्या यादीत नाव आलं ते मला त्या बसमधल्या विद्यार्थिनीकडून कळलं.

जायच्या आधी आठवड्यानं ती वडवणीला माझ्या घरी आली. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. ती वडिलांना बाजारात सोडून एकटीच आली होती. केस कापले होते. चहा ठेवला, ती स्वयंपाकघरात माझ्यामागं उभी राहिली. बॅगेचं वजन, व्हिसाचे कागद, थंडीचे कपडे असं काहीबाही बोलणं झालं. मग मीच म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. ती यादी मी केली होती. नजरचूक नव्हती. तू घरीच आहेस हे मला माहीत होतं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "मोठ्या बाबूंनी सांगितलं, नंतर गुणपत्रकं घ्यायला गेल्ते तवा."

दूध वर आलं, मी गॅस बारीक केला.

"तुमी कावून लिहिलं मॅडम?" तिनं विचारलं. रागानं नाही. वर्गात विचारायची तसं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी जागेचं सांगितलं. आठ वर्षांचं सांगितलं. सांगताना मलाच ते लहान वाटायला लागलं, पण दुसरं कारण नव्हतं. "भीती वाटली," मी म्हटलं.

ठीक आहे मॅडम, झालं गेलं, असं ती म्हणाली नाही. आम्ही चहा घेतला. तिनं कप विसळून ठेवला. निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "मलाबी लई भीती वाटतीय. विमानाची न्हाई. तिथं वर्गात उभं राहून बोलायची."

"तू इथं कधी घाबरलीस बोलायला?"

"इथं सगळे वळखीचे हुते."

बाहेर तिचे वडील येऊन थांबले होते, हातात मेथीच्या दोन जुड्या आणि एक नवी घोंगडी. ती घोंगडी तिला बॅगेत न्यायची नव्हती आणि त्यांना द्यायचीच होती. त्यावरून दोघांचं बोलणं चालू झालं. बोलत बोलतच ते स्टँडकडं निघाले. मी दारात उभी राहून बघत होते. कोपऱ्यावर पोचेपर्यंत घोंगडी तिच्या खांद्यावर गेलेली होती.